टायरच्या हवेचा दिवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोड्याच्या नालासारखी आकृती, बुडाला दाते आणि मध्ये उद्गारचिन्ह. डॅशबोर्डवरचा हा पिवळा दिवा लागला की लोक तेच ते प्रश्न पाठवतात. ते इथे साध्याकडून अवघडाकडे लावले आहेत. तुमचा प्रश्न कोणताही असो, आधी प्रश्न २ वाचा. दिवा कसा पेटतो आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

१. हा दिवा नेमकं काय सांगतो?

एखाद्या टायरमधली हवा ठरलेल्या मर्यादेखाली गेली आहे, एवढंच. ती मर्यादा मात्र बरीच खाली असते. अमेरिकेतल्या नियमात ती शिफारशीपेक्षा २५ टक्के खाली धरली आहे, युरोपातल्या नियमात २० टक्के. म्हणजे ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवी असलेला टायर २५ च्या आसपास येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. २८ वर चालणारा टायरही जास्त तापतो आणि कडेने झिजतो, पण त्याबद्दल दिवा काही बोलत नाही. त्यामुळे दिवा असला तरी महिन्यातून एकदा हवा मोजायचा गेज लावायलाच हवा.

२. दिवा कधी सलग पेटून राहतो, तर कधी आधी लुकलुकतो. दोन्हीचा अर्थ एकच का?

नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

चावी फिरवल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला, तर तो फक्त स्वतःची तपासणी करतो आहे. सलग पेटून राहिला तर हवा कमी आहे. साधारण मिनिट ते दीड मिनिट लुकलुकून मग सलग पेटला, तर यंत्रणेतच बिघाड आहे: सेन्सर बंद पडला आहे, गाडीला तो सापडत नाही किंवा त्याचा सिग्नल पकडणारा भाग काम करत नाही. अशा वेळी हवा भरून काही होणार नाही. बिघाड दूर होईपर्यंत खरोखर हवा उतरली तरी गाडी सांगू शकणार नाही, म्हणून तोवर दर आठवड्याला गेजने मोजा.

चावी फिरवल्यावर दिवा क्षणभरही लागत नसेल, तर तेही वर्कशॉपमध्ये दाखवा. मेलेला दिवा आणि ठीक असलेला टायर डॅशबोर्डवर सारखेच दिसतात.

३. चालत्या गाडीत दिवा लागला. थांबू की चालवत राहू?

स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, मागचा भाग डुलत असेल किंवा फटफट आवाज येत असेल, तर अॅक्सिलरेटर सोडा, ब्रेक जोरात न दाबता वेग उतरू द्या आणि सपाट, सुरक्षित जागी थांबा. बसलेल्या टायरवर काही शे मीटर जाणंही महागात पडतं. टायरची बाजू रिम आणि रस्ता यांच्यात चिरडली जाते आणि आतलं रबर भुग्यासारखं सुटू लागतं. असा टायर मग पंक्चर काढूनही वापरण्याजोगा राहत नाही.

यातलं काहीच जाणवत नसेल तर वेग कमी ठेवून जवळच्या हवा भरण्याच्या ठिकाणापर्यंत जा. त्याआधी एकदा उतरून चारी टायर बघा. स्क्रीनवर आकडे दिसत असतील आणि एखादा २० पीएसआयच्या खाली असेल, तर गाडी हलवू नका. जागेवर कंप्रेसरने हवा भरा किंवा स्टेपनी लावा. टायरमध्ये खिळा दिसला तर उपटू नका, कारण भोक सध्या त्यानेच बुजलं आहे.

रनफ्लॅट टायर हवा गेल्यावरही बसल्यासारखे दिसत नाहीत. त्यांच्या बाबतीत नजरेवर भरवसा नको, दिव्यावरच ठेवा. हवा गेल्यानंतर सर्वसाधारणपणे ताशी ८० किमीच्या आत, फार तर ८० किमी एवढीच त्यांची क्षमता असते.

४. टायरवर ५१ पीएसआय लिहिलं आहे. तेवढी भरू का?

नाही. तो आकडा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. बरोबर आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो: चालकाचं दार उघडल्यावर चौकटीवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा रकाना असतो. सामान आणि पाच माणसं घेऊन लांब जाणार असाल तर तो रकाना बघा. एकक वेगळं असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल.

५. हवा "थंड टायरमध्ये" मोजा म्हणतात. थंड म्हणजे किती?

गाडी किमान तीन तास उभी असेल, किंवा हळू वेगाने दोनेक किलोमीटरच चालली असेल, तर टायर थंड धरा. स्टिकरवरचा आकडा याच स्थितीचा असतो. धावल्यावर दाब सहज ४ ते ६ पीएसआय वाढतो. तापलेल्या टायरचा ३८ आकडा बघून "जास्त झाली" म्हणून हवा सोडू नका. रात्री टायर निवला की तो कमी हवेचा निघेल.

तापलेल्या टायरमध्येच भरावी लागली, तर स्टिकरपेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून नीट करा. गेज वॉल्व्हवर सरळ दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर आकडा कमी दिसतो, पुन्हा घ्या. एका बाजूची चाकं उन्हात असतील तर त्यांचा आकडा जास्त येईल, तो बिघाड नव्हे.

६. माझ्या गाडीत चाकांत सेन्सर आहेत की नाहीत, कसं ओळखू?

स्क्रीनवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील, तर प्रत्येक चाकात वॉल्व्हला जोडून किंवा रिमला पट्ट्याने बांधून सेन्सर आहे. तो दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो, बहुधा ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर. वॉल्व्ह धातूचा आणि नटाने बसवलेला असेल तर ती सेन्सरची चांगली खूण आहे. रबरी वॉल्व्ह दिसला म्हणून मात्र सेन्सर नाही असं समजू नका, कारण रबरी वॉल्व्हचेही सेन्सर येतात.

आकडे दिसत नाहीत, नुसता दिवा आहे आणि रिसेटचं बटण किंवा मेन्यू आहे, तर बहुधा तुमची गाडी अप्रत्यक्ष पद्धतीची आहे. तिच्या चाकांत काहीच नसतं. हवा कमी झालेल्या टायरचा घेर किंचित आखडतो, म्हणून ते चाक इतरांपेक्षा जरा जास्त वेगाने फिरतं. एबीएसचे (ब्रेक दाबताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) वेग मोजणारे सेन्सर हा फरक पकडतात. त्यामुळे अशा गाडीत एबीएसचा दिवाही सोबत लागला असेल, तर टायर सोडून आधी एबीएस तपासून घ्या.

७. चारही टायरमध्ये हवा भरली, तरी दिवा जात नाही. का?

सेन्सरवाल्या गाडीत पहिलं कारण अगदी साधं आहे. बॅटरी वाचावी म्हणून गाडी उभी असताना सेन्सर जवळजवळ झोपलेला असतो, चाक फिरू लागलं की जागा होतो. म्हणून हवा भरल्याबरोबर स्क्रीनवर जुनाच आकडा दिसू शकतो. ताशी ४० किमीच्या वर दहा-पंधरा मिनिटं चालवा.

तरीही गेला नाही तर हे बघा. हवा दिवा विझण्यापुरती भरली की स्टिकरइतकी? लागण्याच्या मर्यादेपेक्षा विझण्याची मर्यादा थोडी वर असते, त्यामुळे अंदाजाने भरलेली हवा मधल्या मध्ये अडकते. हवा तापलेल्या टायरमध्ये भरली होती का (प्रश्न ५)? स्टेपनीतही सेन्सर आहे का (प्रश्न १३)? आणि गाडी अप्रत्यक्ष पद्धतीची असेल तर रिसेट केल्याशिवाय दिवा जाणारच नाही.

८. रिसेट कसं आणि कधी करायचं?

आधी थंड टायर, गेज, स्टिकरचा आकडा, मग रिसेट. हा क्रम उलटा करू नका. अप्रत्यक्ष पद्धतीत रिसेट म्हणजे "आत्ता आहे तीच हवा बरोबर, हे लक्षात ठेव" असा हुकूम असतो. एका टायरमध्ये २४ पीएसआय असताना बटण दाबलं तर गाडी २४ लाच योग्य मानते. दिवा विझतो, तुम्ही निर्धास्त होता, आणि पुढची सूचना टायर पुरता बसत आल्यावर मिळते. रिसेटचा हा गैरवापर आम्हाला सगळ्यात जास्त घातक वाटतो.

करण्याची रीत गाडीगणिक बदलते. बटण असेल तर इग्निशन चालू, गाडी उभी, दिवा दोन-तीनदा लुकलुकेपर्यंत बटण दाबून ठेवा. मेन्यू असेल तर गाडीच्या सेटिंगमध्ये टायरचा पर्याय शोधा. नंतर साधारण अर्धा तास वेगवेगळ्या वेगांनी चालवा, गाडी त्या काळात शिकते. हवा भरल्यावर, टायर बदलल्यावर आणि चाकांची अदलाबदल केल्यावर रिसेट लागतं. बऱ्याच सेन्सरवाल्या गाड्यांत रिसेट नसतंच.

९. थंडीत सकाळी दिवा लागतो, दुपारी आपोआप जातो. दुर्लक्ष केलं तर चालेल?

नाही. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की दाब साधारण १.५ ते २ पीएसआय पडतो. दुपारी धावून ६० अंशांपर्यंत तापलेल्या टायरमध्ये ३३ भरली, तर पहाटे १० अंशांत तोच टायर २६ च्या आसपास दिसेल. दुपारी दिवा विझतो तो टायर तापल्यामुळे. हवा सकाळइतकीच अपुरी असते. थंड टायरमध्ये एकदा नीट भरलीत की प्रश्न मिटतो.

सकाळी दिवा लुकलुकत असेल आणि गाडी तापल्यावर बंद होत असेल, तर ते सेन्सरची बॅटरी संपत आल्याचं लक्षण आहे (प्रश्न ११).

१०. एकाच चाकाची हवा दर पंधरा दिवसांनी उतरते. खिळा सापडत नाही. गळती कुठे शोधू?

कोणत्याही टायरची महिन्याला एक-दोन पीएसआय हवा रबरातून झिरपतेच. त्यापेक्षा जास्त जात असेल तर कुठेतरी वाट आहे. ती शोधायला भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी आणि फवारणीची बाटली पुरते. टायर स्टिकरइतका भरून घ्या.

सुरुवात वॉल्व्हच्या तोंडापासून करा. टोपी काढा, पाण्याचा थेंब तोंडावर ठेवा आणि न हलता दहा-पंधरा सेकंद बघत राहा. आतला कोअर (हवा अडवणारी बारीक झडप) सैल असेल तर थेंबाचा घुमट हळूहळू फुगतो, वाटाण्याएवढा होतो आणि फुटतो. कोअरच्या छोट्या पान्याने हलकेच आवळा. जोर लावू नका, आटे बारीक असतात. तरीही फुगा आला तर कोअर बदला. सेन्सरवाल्या अॅल्युमिनियम वॉल्व्हमध्ये निकेलचा मुलामा दिलेलाच कोअर घाला. साधा पितळी कोअर काही काळाने आत गंजून चिकटतो आणि काढताना वॉल्व्ह मोडतो. धातूच्या टोपीचंही तेच, त्यापेक्षा प्लॅस्टिकची टोपी बरी.

मग वॉल्व्हच्या बुडाशी फवारा आणि वॉल्व्ह बोटाने किंचित इकडे-तिकडे करा. रबर तडकलेलं असेल तर तेव्हाच बुडबुडे दिसतात. त्यानंतर टायर आणि रिम जिथे भेटतात ती कड, पुढून आणि मागूनही. मागची बाजू तपासायला चाक काढावं लागतं, आणि नेमकी तीच राहून जाते. अलॉय रिमच्या कडेला पांढरी पूड धरली असेल तर टायर तिथे नीट बसत नाही आणि हवा फेसासारखी बारीक बारीक येते. टायर उतरवून कड तारेच्या ब्रशने घासून पुन्हा बसवला की ही गळती थांबते. खड्ड्यात आपटलेल्या रिमला आतल्या बाजूने केसाएवढी चीर असू शकते. अशी रिम बदलावी हेच आमचं मत.

शेवटी टायरचा धावपट्टा, चाक थोडं थोडं फिरवत. जुन्या पंक्चरच्या जागा विसरू नका, पूर्वी घातलेल्या पट्ट्या कालांतराने गळतात. एवढं करून काही मिळालं नाही तर अख्खं चाक पाण्याच्या टाकीत बुडवून बघणं उरतं. भोक धावपट्ट्यात असेल आणि साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असेल, तर टायर उतरवून आतून पॅच आणि प्लग लावणं ही पक्की दुरुस्ती. बाजूच्या भिंतीवरचं पंक्चर काढून घेऊ नका.

११. सेन्सरची बॅटरी बदलता येते का?

बहुतेक सेन्सरमध्ये नाही. बॅटरी राळेत बंद केलेली असते आणि साधारण ५ ते १० वर्षं चालते. संपली की सेन्सरच बदलतात. चारही एकाच वयाचे असल्याने एक गेला की बाकीचे मागोमाग जातात. गाडी सात-आठ वर्षांची असेल आणि टायर बदलायचेच असतील, तर तेव्हाच चारही बदलून टाका. टायर उतरवण्याची मेहनत एकदाच होते.

१२. नवे टायर घातले (किंवा पंक्चर काढलं) त्या दिवसापासून दिवा लुकलुकतो आहे.

बहुधा टायर उतरवताना सेन्सर तुटला आहे. मशिनचा दाबपट्टा वॉल्व्हजवळ टेकवला तर आतला सेन्सर सरळ चिरडतो. पुढच्या वेळी काम सुरू होण्याआधीच सांगा की चाकात सेन्सर आहे, वॉल्व्हची जागा सोडून टायर रिमपासून सुटा करा. टायर बदलताना वॉल्व्हची सील, नट आणि कोअरही नवीन घालायला लावा. जुनी सील पुन्हा आवळली की महिन्याभरात हवा गळायला लागते.

सेन्सर नवीन घातला असेल तर त्याचा क्रमांक गाडीला शिकवावा लागतो. काही गाड्या चालवताना आपोआप शिकतात, काहींना प्रत्येक चाकाजवळ धरायचं उपकरण लागतं. जुन्या सेन्सरचाच क्रमांक नव्यात उतरवून घेतला तर शिकवण्याची गरज राहत नाही. नवा सेन्सर तुमच्या गाडीच्या फ्रिक्वेन्सीचाच हवा. ३१५ चा सेन्सर ४३३ च्या गाडीला कधीच ऐकू येणार नाही. साधा इंजिन कोड वाचणारा स्कॅनर इथे सहसा उपयोगाचा नसतो, टायर सेन्सर वाचणारं उपकरण लागतं.

१३. स्टेपनी लावल्यावर दिवा लुकलुकू लागला. आणि एरवी चारही टायर ठीक असताना दिवा स्टेपनीमुळे लागू शकतो का?

स्टेपनीत सेन्सर नसेल तर गाडी हरवलेला सेन्सर शोधत राहते, म्हणून दिवा लुकलुकतो. मूळ चाक परत लावलं की थोडं चालवल्यावर तो जातो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हो. काही गाड्यांत पूर्ण आकाराच्या स्टेपनीतही सेन्सर असतो, आणि डिकीत वर्षभर पडलेल्या स्टेपनीची हवा कोणी बघत नाही. अरुंद, तात्पुरत्या स्टेपनीत बहुधा ६० पीएसआय लागते. आकडा तिच्यावरच छापलेला असतो.

१४. मी डाव्या पुढच्या टायरमध्ये हवा भरली, पण आकडा मागच्याचा वाढला!

चाकांची अदलाबदल झाली, पण गाडीला नव्या जागा शिकवल्या गेल्या नाहीत. प्रश्न १२ मधल्या पद्धतीने पुन्हा शिकवून घ्या. तोपर्यंत स्क्रीनवरच्या जागेवर विसंबू नका, दिवा लागला तर चारही टायर मोजा.

१५. पंक्चरचं लिक्विड वापरलं तर सेन्सर खराब होतो का?

होऊ शकतो. दाब मोजणारं बारीक छिद्र त्या चिकट द्रवाने बुजतं आणि आकडा चुकतो किंवा एकाच जागी अडकतो. सेन्सरला चालणारी लिक्विडं मिळतात, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. अडचणीच्या वेळी हाताशी असेल ते जरूर वापरा, टायर सेन्सरपेक्षा महत्त्वाचा आहे. पण नंतर लवकर टायर उतरवून आतून पुसायला आणि पक्कं पंक्चर काढायला सांगा.

१६. नायट्रोजन भरला तर दिवा लागणं थांबेल का?

नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि थंडीत त्याचाही दाब तितकाच पडतो. गळती किंचित मंदावते, एवढाच फायदा. नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा भरायलाही काही हरकत नाही. नायट्रोजन मिळाला नाही म्हणून कमी हवेवर चालवू नका.

१७. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून घेतली. आता दिवा सतत लुकलुकतो.

ट्यूबच्या वॉल्व्हला रिमच्या त्याच भोकातून बाहेर यावं लागतं, म्हणून वॉल्व्हवाला सेन्सर काढून टाकलेला असतो. काढलेला सेन्सर मागून घ्या आणि टायर किंवा रिम लवकर नीट करून ट्यूब काढा. ट्यूबची हवा खिळा लागताच झटकन जाते, आणि या चाकाबद्दल गाडी आता काहीच सांगू शकत नाही.

१८. डोंगरावर हवा भरली, खाली उतरल्यावर दिवा लागला. गळती आहे का?

तसंच असेल असं नाही. गेज टायरमधल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. दोन हजार मीटरवर बाहेरची हवा विरळ असते. तिथे ३३ भरलेला टायर समुद्रसपाटीला, तापमान तेच राहिलं तरी, ३० च्या आसपास दिसतो. खाली पोचल्यावर थंड टायरमध्ये पुन्हा भरा. दोन दिवसांनी आकडा तोच असेल तर गळती नाही.

१९. गाडी ३१ दाखवते, गेज ३३. कोणाचं खरं?

एक-दोन पीएसआयचा फरक चालतो. जास्त असेल तर दुसऱ्या चांगल्या गेजने तिसरं माप घ्या. हवा भरण्याच्या ठिकाणची गेज रोज आपटून चुकलेली असू शकतात, म्हणून स्वतःचं एक गेज गाडीत ठेवा आणि नेहमी त्यानेच मोजा.

२०. दिवा ठराविक ठिकाणीच लुकलुकतो, नंतर ठीक होतो.

रेडिओ लहरींचा अडथळा असावा, त्या ठिकाणचा किंवा गाडीतल्याच एखाद्या उपकरणाचा. गाडीतलं फोन चार्जर, डॅशकॅम, वायरलेस उपकरणं एकेक करून काढा आणि दोन-तीन दिवस बघा. बऱ्याचदा हलक्या प्रतीचं चार्जर हेच कारण निघतं. सगळं काढूनही दिवा तसाच लुकलुकत राहिला तर प्रश्न ११ कडे वळा.

२१. टायर उघड उघड बसलेला दिसतो, तरी दिवा लागलेला नाही!

गेजवर आणि डोळ्यांवर विश्वास ठेवा, दिव्यावर नको. अप्रत्यक्ष पद्धतीत चारही टायरची हवा सारखीच हळूहळू उतरली तर चाकांच्या वेगात फरक पडत नाही आणि बऱ्याच गाड्यांना काही कळत नाही. चुकीच्या हवेवर केलेलं रिसेट (प्रश्न ८) हेही कारण असू शकतं. उभ्या गाडीची हवा रात्रीत गेली असेल तर बहुतेक गाड्यांना ती थोडं चालल्यावरच कळते. म्हणून गाडीत बसण्याआधी एकदा भोवती फिरून चाकं बघा.

२२. वॉल्व्हच्या टोपीच्या जागी लावायचे बाहेरचे सेन्सर घ्यावेत का?

ज्या गाडीत काहीच नाही तिच्यासाठी उपयोगी आहेत. काही गोष्टी सांभाळा. ते वॉल्व्हचा कोअर सतत दाबून ठेवतात, म्हणून त्यांची सील खराब झाली तर सेन्सरच हवा घालवतो. बसवल्यावर साबणाच्या पाण्याने तपासा. जुना रबरी वॉल्व्ह त्या वजनाने वेगात वाकत राहतो आणि बुडाशी तडकतो. आधी नवे वॉल्व्ह बसवा, शक्यतो धातूचे, आणि मग चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. इशाऱ्याची मर्यादा स्टिकरच्या आकड्यापेक्षा १५ टक्के खाली लावली, तर मूळ दिवा असलेल्या गाड्यांपेक्षा लवकर कळेल. ३३ साठी ती २८ येते.